ठाऊक असलेला गुन्हेगार : मंडळींची रहस्यकथा आणि मराठी अनुभव

न्हावा आणि शेवा ही रायगड जिल्ह्यातील खाडीकाठची दोन गावे. २६ मे १९८९ रोजी तेथे जवाहरलाल नेहरू बंदराचे उद्घाटन झाले आणि दोन गावांचे हे जोडनाव देशोदेशींच्या मालवाहतुकीच्या कागदपत्रांत जाऊन बसले. अशा स्थळी घडणारी एक रहस्यकथा कल्पून पाहावी. मिठागराच्या बांधावर एक प्रेत सापडते. निवृत्त मुख्याध्यापिका, खानावळ चालविणारी विधवा, होडीवरचा म्हातारा तांडेल आणि पोस्टातला कारकून अशी चार मंडळी रोज संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसतात. गावातल्या बारीकसारीक बातम्यांची जुळवाजुळव करून खुन्याला हुडकून काढतात. पोलीस त्यांचे आभार मानतात. आणि पुढच्या पुस्तकात त्याच पायरीवर, त्याच मंडळींसमोर दुसरा खून येऊन पडतो.

इंग्रजीत या घाटाच्या कथामालिका अमाप आहेत, आणि त्यांचा वाचकवर्ग ओसरलेला नाही. मराठीत मात्र प्रौढ वाचकांसाठी लिहिल्या गेलेल्या रहस्यकथेत हा रूपबंध रुजला नाही. रहस्यकथा मराठीत विपुल आहे. मालिकेची परंपराही दांडगी आहे. गावातल्या बैठकीचे चित्रण तर मराठी कथेच्या हातचा मळ आहे. तरीही या तीन गोष्टी एकत्र आल्या नाहीत. आपल्या लोकप्रिय लेखकांना बुद्धिप्रधान कोड्याची रचना साधली नाही, हे या अभावाचे सर्रास दिले जाणारे स्पष्टीकरण. ते सोयीचे असले तरी पुरेसे नाही. अभावाचे कारण कारागिरीपेक्षा सामाजिक अनुभवात शोधावे लागेल, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१

ज्याला इंग्रजीत 'कोझी' म्हणतात त्या रहस्यकथेचे संकेत परिचित आहेत. स्थळ लहान, बहुधा खेडे किंवा आडबाजूचे शहर. शोध घेणारी व्यक्ती हौशी. तिच्याभोवती स्नेह्यांचे कोंडाळे. रक्त आणि क्रौर्य पडद्याआड. पोलीस मंदबुद्धी असतील, पण दुष्ट नव्हेत. या घाटाचा एक लक्षणीय आरंभबिंदू डिसेंबर १९२७मध्ये सापडतो. त्या महिन्यात अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल एका मासिकातील कथेतून प्रथम वाचकांसमोर आली. सेंट मेरी मीड या खेड्यातल्या तिच्या घरी काही ओळखीची माणसे जमली आहेत : तिचा लेखक भाचा, एक चित्रकार तरुणी, एक वकील, एक धर्मोपदेशक आणि स्कॉटलंड यार्डचे एक निवृत्त वरिष्ठ अधिकारी. दर मंगळवारी प्रत्येकाने आपल्याला ठाऊक असलेली एक रहस्यमय हकीकत सांगावी आणि इतरांनी तिचा उलगडा करावा, असे ठरते. उलगडा होतो तो कोपऱ्यात विणकाम करीत बसलेल्या अविवाहित वृद्धेकडून. १९३०च्या 'द मर्डर ॲट द व्हिकरेज'मध्ये हीच वृद्धा कादंबरीच्या केंद्रस्थानी आली. पुढे १९८४ ते १९९६ या काळात 'मर्डर, शी रोट' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेने मेन राज्याच्या किनाऱ्यावर कॅबट कोव्ह नावाचे कल्पित गाव वसविले. आणि २०२०मध्ये रिचर्ड ऑस्मन यांच्या 'द थर्सडे मर्डर क्लब'ने वृद्धांच्या वसाहतीतील चार मित्रांना गुरुवारच्या बैठकीत खुनांचा छडा लावायला बसविले. मंगळवारचा गुरुवार झाला. बैठक तीच राहिली.

या बैठकीचे आकर्षण कशात आहे? पहिली गोष्ट अशी की ती क्षुल्लक ज्ञानाला प्रतिष्ठा देते. कोणाच्या घरी दूध किती येते, कोणी कोणाशी बोलणे टाकले आहे, या माहितीचे एरवी 'चहाटळपणा' या शब्दात वर्गीकरण होते. येथे तिचा पुरावा होतो. दुसरी गोष्ट म्हणजे कामातून निवृत्त झालेल्या, समाजाने बाजूस सारलेल्या माणसांना ती उपयुक्तता परत देते. तिसरी गोष्ट मालिकेच्या स्वरूपाशी निगडित आहे. वाचक खुनासाठी परत येत नाही, मंडळींसाठी परत येतो. खून हे त्या भेटीचे निमित्त असते.

या घाटावरचे आक्षेपही जुनेच आहेत. रेमंड चॅन्डलर यांनी १९४४मध्ये या कोडेवजा खुनांच्या कृत्रिमतेवर हल्ला चढविला : माणसे खून करतात ती खऱ्या कारणांसाठी, वाचकाला प्रेत पुरविण्यासाठी नव्हे. १९४८मध्ये डब्ल्यू. एच. ऑडेन या कवीने उलट बाजूने, स्वतः या कथांच्या आहारी गेलेल्या वाचकाच्या भूमिकेतून, त्यांची मीमांसा केली. त्याच्या मते अशा कथेतील समाज बंदिस्त आणि निरागस दिसावा लागतो. खून हा त्या नंदनवनावर पडलेला डाग. खुनी वेगळा काढला की उरलेले सगळे पुन्हा निर्दोष ठरतात.

ऑडेनची मीमांसा मार्मिक असली तरी एका ठिकाणी अपुरी पडते. मिस मार्पलचे खेडे निरागस नाही. माणसांबद्दल सर्वांत वाईट तेच गृहीत धरणारी ती बाई आहे, आणि तसे गृहीत धरायला तिला गावानेच शिकविले आहे. तेव्हा या घाटाचा आधार निरागसतेपेक्षा निराळ्या अटीत असला पाहिजे. ती अट अशी : जे कळले ते बोलता येते. मिस मार्पल दिवाणखान्यात एका प्रतिष्ठिताचे नाव घेते, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दारात नेहमीसारखे दूध येते. तिच्या घराला कोणी आग लावीत नाही, तिचे पाणी तुटत नाही, तिच्या भाच्याची नोकरी जात नाही. नाव घेण्याची ही मुभा कथेत कोठेही सांगितलेली नसते, कारण ती सांगण्याची लेखकाला गरजच वाटत नाही. या अव्यक्त मुभेवर संपूर्ण रूपबंध उभा आहे.

२

मराठीत या रूपबंधाचे घटक कसे विखुरले गेले, हे आता पाहता येईल. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा धनंजय आणि त्याचा साहाय्यक छोटू, झुंजार आणि विजया, काळा पहाड ही नावे दोन-तीन पिढ्यांच्या वाचनस्मृतीचा भाग झाली. परंतु या नायकांचे बळ त्यांच्या शेजारधर्मात नाही. वेशांतर, धाडस आणि महानगराची अनोळखी गर्दी यांवर ते जगतात. मुंबईत माणूस ओळखू येत नाही, म्हणून तेथे हेर लागतो. गुरुनाथ नाईकांच्या नायकांचे बळही धाडसातच आहे. त्यांनाही पाराची किंवा ओसरीची आवश्यकता नाही.

दुसरा घटक मंडळींचा. द. मा. मिरासदारांच्या भोकरवाडीच्या गोष्टी या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. गणामास्तर, नाना चेंगट, बाबू पैलवान ही ठरलेली मंडळी, ठरलेले गाव, ठरलेली बैठक. बाहेरून आलेली एखादी बातमी. तिच्याभोवती रचले जाणारे तर्ककुतर्क. आणि अखेरीस फजिती. रहस्यकथेचा बहुतेक सांगाडा येथे तयार आहे. तर्क आहे, संशयित आहेत, चुकीचे माग आहेत. नाही तो खून. आणि तर्काचा शेवट सत्यात होत नाही, हशात होतो. गावाने एकत्र बसून सत्य शोधावे ही कल्पनाच येथे विनोदाचा विषय झालेली आहे. पु. ल. देशपांडे यांच्या बटाट्याच्या चाळीबाबतही हेच म्हणता येईल. मराठी वाचकाला मंडळींची ऊब विनोदी लेखनाने पुरविली, आणि ती भरपूर पुरविली.

या विभागणीचा सर्वांत ठळक पुरावा एकाच लेखकात मिळतो. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन यांच्या रहस्यकथा लिहिल्या; त्यांनीच 'दुनियादारी' लिहिली. पुण्यातील महाविद्यालयीन मित्रांचा कट्टा हा त्या कादंबरीचा प्राण आहे. एका हाताने खून आणि दुसऱ्या हाताने कट्टा लिहिणाऱ्या या लेखकाने त्या कट्ट्याला खुनाचा तपास करायला बसविले नाही. दोन्ही साहित्यप्रकारांवर पकड असलेल्या लेखकाबाबत कसबाच्या उणिवेचे स्पष्टीकरण टिकत नाही. कट्टा हे जिवाभावाचे स्थान आहे, तपासाचे नव्हे, अशी काही खूणगाठ त्या वाङ्मयीन संस्कृतीतच बांधलेली असावी.

३

ही खूणगाठ उलगडण्यासाठी साहित्याबाहेरच्या व्यवस्थेकडे वळावे लागते. मराठी मुलखात गुन्ह्याच्या चौकशीत गावकऱ्यांना स्थान नव्हते असे नाही. ते कायद्यानेच नेमून दिलेले होते. १८६७च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने आणि त्यानंतर महाराष्ट्राच्या १९६७च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलावर गावातील गुन्ह्याची खबर वर कळविण्याची जबाबदारी टाकली. संशयास्पद मृत्यूच्या चौकशीच्या वेळी शेजारपाजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांना बोलावले पाहिजे, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम १९४मध्ये आली आहे. पंचनामा हा शब्द त्या व्यवहारातून मराठीच्या अंगवळणी पडला.

पंच आणि मिस मार्पल यांच्यात एक मूलभूत भेद आहे. पंच शोधीत नाही, तो पाहतो आणि सही करतो. त्याने काय पाहावे हे दुसरा ठरवितो. शिवाय तो 'प्रतिष्ठित' असावा लागतो. म्हणजे गावातील सत्तेच्या उतरंडीत ज्याचे स्थान आधीच पक्के आहे असा. गावातले ज्ञान ज्यांच्याकडे साठलेले असते ते वेगळे असतात : पाणवठ्यावरच्या बाया, वाड्याच्या मागील दारी राबणारी माणसे, रात्रीचे जागले. यांना ठाऊक असते, पण विचारले जात नाही. ज्यांना विचारले जाते त्यांना सांगण्यात रस नसतो. खेड्याविषयीच्या गौरवपूर्ण कल्पनांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत कठोर प्रहार केला. ऑडेनने खेड्याला रहस्यकथेचे नंदनवन मानल्याचे वर्षही तेच. दोघांच्या बोलण्याचा संदर्भ अगदी वेगळा होता. तरीही मराठी लेखकाला ज्या खेड्याबद्दल लिहायचे होते ते पहिल्या वर्णनातले होते, हे विसरून चालणार नाही.

मराठीत हौशी व्यक्तीने केलेल्या खुनाच्या मीमांसेचे आद्य उदाहरण शोधायचे झाल्यास ते रहस्यकथेत सापडणार नाही. ते १८८२मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्त्रीपुरुष तुलना' या निबंधात सापडते. सुरतेकडील विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१मध्ये फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. अपिलात ती कमी झाली. वृत्तपत्रांनी या निमित्ताने समस्त स्त्रीजातीवर कोरडे ओढले. ते वाचून बुलढाण्यासारख्या आडबाजूच्या गावी राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांनी लेखणी उचलली. त्यांच्या निबंधाची तर्करचना या दृष्टीने पुन्हा वाचली पाहिजे. गुन्हेगार सापडला आहे, शिक्षा झाली आहे, प्रकरण मिटले आहे, असे जग म्हणते तेथून त्या आरंभ करतात आणि जो आरोपीच्या पिंजऱ्यात नाही त्याच्याकडे बोट दाखवितात. अर्भक एकटीचे नव्हते; विधवेला पुनर्विवाहाची बंदी तिने घातलेली नव्हती. एका आडगावच्या स्त्रीने दूरच्या खटल्याच्या वार्तांकनातून खऱ्या अपराध्याचा माग काढला, एवढ्यापुरती ती मिस मार्पलची पूर्वसूरी ठरते. पण नाव घेण्याची मुभा तिला नव्हती. त्या निबंधावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मध्ये तिची पाठराखण केली. तरी ग्रंथ विस्मृतीत गेला, आणि स. गं. मालशे यांच्या १९७५च्या आवृत्तीने तो पुन्हा अभ्यासकांपुढे आला.

याच प्रश्नाचे नाट्यरूप ८५ वर्षांनी अवतरले. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७मध्ये रंगभूमीवर आले. त्याची मांडणी रहस्यकथेच्या अंगाने न्याहाळल्यास विलक्षण साम्य दिसते. हौशी मंडळींचा एक गट, एक लहान गाव, मोकळा वेळ, आणि वेळ घालविण्यासाठी अभिरूप खटल्याचा खेळ. मंगळवारच्या बैठकीतला खेळही याहून फार वेगळा नाही. आरोप आहे भ्रूणहत्येचा. मंडळी एकेक धागा जोडीत जातात; कोणी काय पाहिले, कोणी काय ऐकले याची साक्ष निघते; चहाटळपणाचा पुरावा होतो. परंतु तपासाचा शेवट कोठे होतो? लीला बेणारे या एकट्या स्त्रीपाशी. प्रोफेसर दामले हजरच नाहीत. त्यांचे नाव उच्चारले जाते, पण खटला त्यांच्यावर चालत नाही. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे न्यायासन शेवटी गर्भ नष्ट करण्याचाच हुकूम देते. विजयालक्ष्मीच्या प्रकरणात पिंजऱ्याबाहेर राहिलेला पुरुष येथेही बाहेरच राहिला.

मराठी साहित्यात मंडळींनी मिळून गुन्ह्याचा शोध घेण्याचा प्रसंग आलाच नाही असे नव्हे, हे आता स्पष्ट व्हावे. तो आला आणि त्याने भयाचे रूप घेतले. इंग्रजी रूपबंधात मंडळी म्हणजे शोधपथक. मराठी अनुभवात मंडळी म्हणजे न्यायासन, आणि बरेचदा जातपंचायतीच्या स्मृतीने भारलेले न्यायासन. जिला सगळे ठाऊक असते ती वाड्यातली विधवा आत्याबाई मराठी कादंबरीत निरीक्षक होत नाही. ती निरीक्षणाचे लक्ष्य होते. मिस मार्पलला स्वतःचे घर, स्वतःचे उत्पन्न आणि अविवाहित असूनही मान आहे. या तीन गोष्टींवाचून तिचे विणकाम इतके शांतपणे चालले नसते.

४

मराठी मुलखातील प्रत्यक्ष गुन्ह्यांचा इतिहास याच दिशेने बोलतो. परभणी जिल्ह्यातील मानवत या लहान गावात १९७२–७३च्या सुमारास स्त्रिया आणि लहान मुली यांचे खून एकामागून एक होत गेले. गुप्तधनासाठी बळी दिले जात असल्याचे बोलले जाऊ लागले. तपासाला वेग आला तो रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखा अधिकारी मुंबईहून आल्यावर. या प्रकरणावर आधारलेला अमोल पालेकर यांचा 'आक्रीत' हा चित्रपट १९८१मध्ये आला. त्याची पटकथा तेंडुलकरांची. खुनी कोण, हा त्या चित्रपटाचा प्रश्नच नाही. अशा गावात असे कृत्य इतका काळ चालू कसे शकते, हा त्याचा प्रश्न आहे.

पुण्यातील जोशी–अभ्यंकर हत्याकांडाने (१९७६–७७) तर मित्रमंडळ या कल्पनेलाच तडा दिला. बंगल्यांत शिरून कुटुंबेच्या कुटुंबे मारणारे कोणी सराईत दरोडेखोर नव्हते. ते एकाच कलामहाविद्यालयातील मित्र होते. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी फाशी झाली. इंग्रजी घाटात मित्र खुनाचा उलगडा करतात. येथे मैत्रीनेच खुनाचे सामर्थ्य पुरविले होते. या प्रकरणाने मराठी वाचकाला दिलेले पुस्तक रहस्यकथा नव्हते. आरोपींपैकी मुनव्वर शहा याचे 'यस, आय ॲम गिल्टी' हे आत्मकथन होते. गुन्ह्याचे कुतूहल कबुलीजबाबाने भागविले.

तिसरे उदाहरण अधिक अलीकडचे आणि अधिक वेदनादायी आहे. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. मारणारे कोण हे गावाला कोडे नव्हते. प्रश्न होता तो कोण बोलेल हा, आणि पुढे, या कृत्याला काय म्हणायचे हा. २००८मध्ये सत्र न्यायालयाने आणि २०१०मध्ये उच्च न्यायालयाने आरोपींना खुनाबद्दल दोषी धरले. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा मात्र सिद्ध झाल्याचे दोन्ही न्यायालयांनी मानले नाही. गुन्हेगाराचे नाव घेतले गेल्यावरही गुन्ह्याचे नाव घेणे बाकी राहते, एवढा अर्थ 'नाव घेणे' या क्रियेला येथे प्राप्त झालेला आहे. ज्या समाजाच्या स्मृतीत हे आहे त्याला 'खुनी कोण?' हा प्रश्न मनोरंजनासाठी गावाच्या पायरीवर मांडणे अवघड जाते. ग्रामीण आणि दलित साहित्याने खून आणि छळ लिहिले, परंतु गुन्हेगार पहिल्या पानापासून उघडा ठेवून लिहिले. हा रहस्यनिर्मितीच्या कौशल्याचा अभाव नव्हे. रहस्य कोठे असते याविषयीचे ते वेगळे ज्ञान आहे.

५

या विवेचनाला एक मोठा अपवाद आहे, आणि तो तपासून पाहणे आवश्यक आहे. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा मुलगा, विद्याभवन शाळेचा विद्यार्थी. त्याच्याभोवती मित्रांचा गोतावळा आहे, सायकल आहे, संकटात उमटणारा 'ट्टॉक' आहे, ओळखीचा, नकाशावर दाखविता येणारा परिसर आहे. हौशी शोध, मंडळी आणि मालिका हे तिन्ही घटक येथे एकत्र आले आणि वाचकांनी त्यांना डोक्यावर घेतले. बंगालीतही असेच घडलेले दिसते. सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५मध्ये 'संदेश' या मुलांच्या मासिकात अवतरला. अशोक जैन यांच्या अनुवादांतून तो मराठीतही आला. फेलूदा, तोपशे आणि जटायू हे त्रिकूट घाटाने 'कोझी'च्या बरेच जवळचे आहे.

बालसाहित्यात जे जमले ते प्रौढ साहित्यात का जमू नये? उत्तर वयातच आहे. कोणाचे नाव घ्यायचे नाही हे मूल अजून शिकलेले नसते. बन्याला अमुक एक गृहस्थ कोणाचा जावई आहे, कोणत्या संस्थेचा अध्यक्ष आहे, याची भीड पडत नाही. आणि मोठी माणसे त्याचे बोलणे पोरकटपणा म्हणून सोडून देतात, हेच त्याचे संरक्षण असते. मिस मार्पलला जी मुभा वय आणि वर्ग यांनी दिली ती मराठीत फक्त बालपण देऊ शकले. २०१७च्या 'फास्टर फेणे' या चित्रपटाने याची अनवधानाने पुष्टी केली. पटकथेने बन्याला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वयाचा केले. त्यासरशी कथेत संशयास्पद मृत्यू आला, महानगर आले, परीक्षेतला गैरव्यवहार आला, आणि ज्याच्या दहशतीने माणसे गप्प राहतात असा बलदंड अप्पा आला. नायक मोठा झाला आणि रहस्याची जागा दहशतीने घेतली.

६

न्हावा शेव्याच्या कल्पित पायरीवर बसलेल्या चार मंडळींकडे आता परत वळता येईल. त्या परिसराच्या सामूहिक स्मृतीत हिंसक मृत्यू आहेत, पण ते गूढ नाहीत. जवळच्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले तेव्हा १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा आणि परिसरात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जणांचा बळी घेतला. त्या संघर्षातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पुढे आली. तेथील मृत्यूला 'प्रेत' म्हणत नाहीत, 'हुतात्मा' म्हणतात. त्याची चौकशी होत नाही, स्मृतिदिन पाळला जातो. बंदरासाठी शेवा कोळीवाड्यातील कुटुंबे हनुमान कोळीवाड्यात हलविली गेली, आणि वाळवीने पोखरलेल्या घरांमुळे त्यांच्यावर पुन्हा पुनर्वसन मागण्याची पाळी आली. सेंट मेरी मीडमध्ये घर पिढ्यान्‌पिढ्या जागच्या जागी असते. म्हणून त्या घरात कोण आले आणि गेले हे शेजारणीला सांगता येते. येथे घरच जागेवर राहिले नाही.

ज्या अर्थाने न्हावा शेवा जगाला ठाऊक आहे, तेथेही रहस्य आहे, परंतु ते माणसांच्या ओळखीवर उलगडत नाही. ऑगस्ट २०२०मध्ये या बंदरात १९१ किलो हेरॉइन पकडले गेले. ज्येष्ठमधाच्या खेपेत, बांबूसारख्या रंगविलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांत ते दडविलेले होते. असे गुन्हे आयातीची कागदपत्रे, मालाचे वजन आणि गुप्त वार्ता यांच्या आधारे उघडकीस येतात. कंटेनरला शेजारी नसतो. खाडीकाठच्या जुन्या गावाचे चेहऱ्यांचे ज्ञान त्याच्या दारात निरुपयोगी ठरते.

असे असूनही, किंबहुना असे असल्यामुळेच, या घाटाच्या कथांचे आकर्षण आज मराठी वाचकातही वाढलेले दिसते. उलवे, द्रोणागिरी, खारघर येथील उंच इमारतींत राहणारा वाचक सातारा, जळगाव, रत्नागिरी सोडून आलेला असतो. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाल्यापासून शिवडीहून तो काही मिनिटांत खाडीपलीकडे पोहोचतो. पण समोरच्या दारामागे कोण राहते हे त्याला माहीत असेलच असे नाही. इंग्रजीतून किंवा पडद्यावरून येणारी कोझी कथा त्याला असे गाव देते की जेथे सगळे सगळ्यांना ओळखतात आणि तरीही कोणी कोणाला भीत नाही. त्याने जे गाव सोडले त्यात पहिली गोष्ट होती, दुसरी नव्हती. तो ज्या वसाहतीत आला तीत काही प्रमाणात दुसरी आहे, पहिली नाही. दोन्ही एकत्र असण्याचे सुख ही कथा पुरविते. या सुखाला पलायन म्हणून हिणवणे सोपे आहे. परंतु ओळख आणि निर्भयता एकत्र नांदावीत ही इच्छा क्षुद्र नाही. एका न्याय्य समाजाचीच ती घरगुती आकृती आहे. दोष इच्छेत नसून तिची किंमत लपविण्यात आहे.

अमेरिकन 'ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग' (२०२१) या मालिकेने खेड्याऐवजी इमारत हे बंदिस्त स्थळ निवडले. मराठीतही गृहनिर्माण संस्थेची गच्ची, महिला मंडळ, सकाळी फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांचा कट्टा अशी नवी स्थळे उपलब्ध आहेत, आणि तेथे हा रूपबंध रुजणे अशक्य नाही. मात्र तो केवळ आयात होऊन चालणार नाही. ताराबाई शिंदे आणि तेंडुलकर यांच्यानंतर लिहिणाऱ्या मराठी लेखकाच्या मंडळींना खुनी सापडल्यावर कथा संपविता येणार नाही. नाव प्रथम कोण उच्चारतो, ते कोणाच्या घरी उच्चारले जाते, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरचे पाणी चालू राहते की नाही, हे प्रकरण त्याला लिहावेच लागेल. इंग्रजी घाटात हे प्रकरण नसते, कारण तेथे त्याची गरज नाही असे गृहीत धरलेले असते. मराठीत ते प्रकरणच कादंबरीचा गाभा होईल. आपल्या रंजनपर साहित्यात अमुक एक प्रकार नाही अशी नोंद करताना समीक्षेने त्या रिकाम्या जागेत कोणाचे मौन साठले आहे, हेही तपासले पाहिजे. तसे केले तर लोकप्रिय साहित्याचा इतिहास हा उणिवांची यादी राहणार नाही; समाजाने स्वतःला काय विचारायचे टाळले याचा तो दस्तऐवज होईल.